बोटांनी वाचलेली तार

मारबुर्ग, मंगळवार, १६ जानेवारी १९१७

त्याला लिहिता येतं, पण लिहिलेलं वाचता येत नाही. हे मी आज दुपारी स्वतः पाहिलं, म्हणून ही वही काढली. इस्पितळाच्या नोंदवहीत खरं लिहायला जागा कमी असते.

नाव रुप्रेख्ट ड्योंगेस, वय छत्तीस. याच गावात क्लिंगेलहोफरांच्या छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. सप्टेंबरात सोम नदीकाठी तोफगोळ्याची एक किरच मागून, डाव्या बाजूने डोक्यात शिरली. जखम भरलीय. केस बाजूला केले तरच वण दिसतो, बोटाच्या पेराएवढा. दोन इस्पितळं फिरून तो आमच्याकडे आलाय आणि सोबतच्या कागदावर निळ्या पेन्सिलीने एकच शब्द आहे: ढोंगी.

"बायकोला दोन ओळी लिहा," मी म्हटलं. त्याने झरझर लिहिल्या. मी कागद पालथा घातला, इकडचं तिकडचं बोलले, मग तो सरळ करून पुढे ठेवला.

"वाचा."

बराच वेळ तो बघत राहिला. "अक्षर चांगलं आहे," म्हणाला. "कुणाचं?"

"तुमचंच."

"मग मी काय लिहिलंय?"

अशा माणसाची मी वीस वर्षं वाट पाहतेय.

शुक्रवार, १९ जानेवारी

तीन दिवस त्याची नजर मोजतेय. समोरच्या ठिपक्यावर डोळे रोखायला सांगायचं आणि बाजूने पांढरा मणी आत आणायचा. मणी दिसला की तो "हो" म्हणतो. दोन्ही डोळ्यांच्या नजरेचा उजवा अर्धा भाग काळा आहे. तिन्ही दिवशी त्या काळ्या भागाची रेघ तिथेच, केसभर हलली नाही. ढोंग करणाऱ्याला ही रेघ तीन वेळा तिथेच आणता येणार नाही. सिस्टर आडेलहाइटने मला न विचारता आणखी एक पुरावा दिला. त्याच्या थाळीत सलगमाचं कालवण नेहमी उजव्या अर्ध्यात उरतं. थाळी फिरवून ठेवली की तो म्हणतो, "आणखी वाढलंत? देव तुमचं भलं करो." या उपासमारीच्या हिवाळ्यात कालवण उरवणारा माणूस एकतर मेलेला असतो, नाहीतर आंधळा.

माझं म्हणणं सरळ आहे. त्याच्या डोक्यातली अक्षरं शाबूत आहेत, म्हणून हात लिहितो. पण डोळ्यांकडून अक्षरांकडे जाणारा रस्ता त्या किरचेने तोडलाय. पॅरिसच्या एका डॉक्टरने पंचवीस वर्षांपूर्वी असाच रुग्ण पाहिला, तो वारल्यावर मेंदू कापून जखम नेमकी कुठे ते दाखवलं. तो निबंध माझ्या ट्रंकेत आहे. सध्या तो बाहेर काढणं म्हणजे शत्रूची साक्ष काढणं.

२० फेब्रुवारीला तपासणी मंडळ येतंय. प्रमुख प्राध्यापक हाबरकाम्प. मंडळाने ढोंगी ठरवलं तर आधी विजेचे झटके, मग पुन्हा खंदक. उजवीकडून येणारं काहीही न दिसणारा माणूस खंदकात.

हाबरकाम्पांना मी ओळखते. इथे मुलींना वर्गात बसू देत नव्हते, म्हणून मी झुरिकला शिकले आणि परत आल्यावर नऊ वर्षं त्यांच्या मज्जाविकारांच्या विभागात बिनपगारी राबले. त्यांच्या पुस्तकातल्या मेंदूच्या सगळ्या आकृत्या माझ्या हातच्या. आभाराच्या पानावर माझं नाव आहे, तेही आडनाव चुकवून. इस्पितळातला हा विभाग मला मिळाला तो युद्धामुळे, पुरुष संपले म्हणून. मिळालाय तर मी तो चालवणार.

शनिवार, २७ जानेवारी

सम्राटांचा वाढदिवस. घंटा वाजल्या, कैद्यांसारखी रांग लावून सगळ्यांना अर्धा पाव जास्त मिळाला. पावात काय होतं ते विचारू नये.

ड्योंगेसची बायको आली. लिसबेट. हानाऊकडच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात आहे. तिथल्या स्फोटकांच्या भुकटीने कपाळावरचे केस आणि हात हळद लावल्यासारखे पिवळे झालेत. त्याच्या उजव्या बाजूने आली म्हणून तिचं येणं त्याला दिसलंच नाही.

"एवढी पिवळीधमक झाले तरी बघत नाहीस," ती म्हणाली. "पिवळा कॅनरी पक्षी बघायला लोक पैसे देतात."

तो हसला. आल्यापासून पहिल्यांदा.

मग तिने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून त्याच्या हातात रिकामी केली. छापखान्यातले शिशाचे खिळे, मूठभर. म्हाताऱ्या क्लिंगेलहोफरांनी दिले होते. त्याने एक अंगठ्याखाली फिरवला आणि म्हणाला, "आर." दुसरा. "एच, मोठा, झिजलेला." डोळे मिटलेले. एकही चुकला नाही. सिस्टर आडेलहाइट टाळ्या वाजवायला लागली.

मी खिळे काढून घेतले. प्रयोगात ढवळाढवळ नको, असं सांगितलं. लिसबेट माझ्याकडे वळली.

"बाई, त्याला अक्षर कळलं याचा तुम्हाला राग आला?"

राग नव्हता. मंडळापुढे जाईपर्यंत लक्षणं निर्भेळ राहायला हवीत. हे त्याच्याच भल्यासाठी आहे.

मंगळवार, ३० जानेवारी

खिळे परत दिले. सिस्टर आडेलहाइट दोन दिवस माझ्याशी फक्त "हो डॉक्टर" आणि "नाही डॉक्टर" एवढंच बोलत होती. आज म्हणाली, "तो तुमचा पुरावा आहे हे मला समजतं, डॉक्टर. पण तो रोज सकाळी बायकोचं पत्र घेऊन माझ्याकडे येतो. नवराबायकोचं पत्र मी मोठ्याने वाचते आणि आम्ही दोघंही लाजतो."

गुरुवार, ८ फेब्रुवारी

अशी थंडी मला आठवत नाही. लान नदी गोठली. हे इस्पितळ शाळेच्या इमारतीत आहे; तिथली बाकं आम्ही डिसेंबरातच जाळली, आता वह्यांचं कपाट जळतंय.

ड्योंगेस पुढे सरकलाय. छापील अक्षराच्या कडेवरून बोट फिरवतो आणि बोट फिरलं की अक्षर कळतं. लिहिणारा हातच डोळ्यांच्या वतीने वाचतो. आता कागदाला हात लावायचीही गरज नाही. नजर अक्षरावर, आणि बोट मांडीवर त्याची आकृती काढतं. फार सावकाश, एकेक अक्षर. लिसबेटचं कालचं पत्र त्याने असंच दोन तासांत वाचलं, एकट्याने. मग मला म्हणाला, "डॉक्टरीणबाई, एक ओळ तुम्हाला नाही सांगणार."

हे विलक्षण आहे. पॅरिसच्या निबंधातही हे एवढं सविस्तर नाही. आता हाच माझा निबंध असेल.

हाबरकाम्पांना आधीच टिपण पाठवलं, सगळ्या मोजमापांसह आणि पॅरिसच्या निबंधाच्या उल्लेखासह. उत्तर आलं: "बाई, तुमची चिकाटी जुनीच. पण आपल्या सैनिकांचे मेंदू समजून घ्यायला फ्रेंचांकडे जायची वेळ अजून आली नाही. उल्लेख गाळा." मी उलट टपाली लिहिलं की उल्लेख राहील.

मंगळवार, २० फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहिते.

वर्गात फळ्यासमोर टेबल. मधोमध हाबरकाम्प, शेजारी एक मेजर आणि कारकून. ड्योंगेस खुर्चीवर. मी त्याच्या मागे, हातात घड्याळ, कारण प्रत्येक उत्तराचा वेळ मी टिपणार होते.

हाबरकाम्पांनी माझे तक्ते न उघडता बाजूला सारले. म्हणाले, "मी साधा माणूस आहे, साधीच परीक्षा घेतो." खिशातून तार काढली आणि ड्योंगेससमोर ठेवली. "ही आज सकाळी तुझ्या नावाने आलीय. वाच."

मला ती खांद्यावरून दिसत होती. लिसबेट मृत. कारखान्यात स्फोट. अंत्यविधी गुरुवारी.

तार खोटी आहे हे मला लगेच कळलं. खऱ्या तारेवर ठिकाणाचा शिक्का असतो. डावही कळला. वाचता येत असेल तर चेहरा बदलेल.

चेहरा बदलला नाही. ड्योंगेस शांतपणे तारेकडे बघत होता. आम्ही जिंकलो होतो. मेजरनेसुद्धा मान हलवली. मी हसले असेन, कारण हाबरकाम्पांनी माझ्याकडे रागाने पाहिलं.

आणि मग त्याचं बोट मांडीवर हलायला लागलं.

त्याला बोटाने वाचून दाखवायचं होतं. एवढ्या मोठ्या लोकांसमोर मला खाली बघायला लागू नये म्हणून. एल. आय. एस. आपल्या बायकोचं नाव आहे हे कळल्यावर तो किंचित हसला आणि बोट पुढे गेलं.

मी त्याला थांबवू शकले असते. हात धरता आला असता. कागद उचलता आला असता. माझ्या टिपणवहीत आज या जागी लिहिलेलं आहे: पहिले दोन शब्द, एकेचाळीस सेकंद. म्हणजे एकेचाळीस सेकंद मी घड्याळाकडे बघत होते.

तो ओरडला नाही. खुर्चीतून उतरून जमिनीवर बसला आणि कपाळ टेबलाच्या पायाला टेकलं.

"म्हणजे वाचता येतं," हाबरकाम्प म्हणाले.

मी सांगितलं की तार खोटी आहे. दोनदा सांगितलं, त्याच्या कानाशी. त्याने ऐकलं नाही. मग मी मंडळाला समजावलं की तो डोळ्यांनी वाचत नाही, हाताने वाचतो.

"ठीक," हाबरकाम्प म्हणाले. "पट्टा आणा, हात बांधा, दुसरा कागद देऊ. तुमचं खरं असेल तर आत्ताच दिसेल. मी न्यायी माणूस आहे, बाई."

माझं खरं होतं. दोन मिनिटांत ते दिसलं असतं.

"नाही," मी म्हटलं.

"का?"

"या माणसाची परीक्षा आज संपली. कारकून, लिहून घ्या. मंडळाने रुग्णाला त्याची बायको मेल्याची खोटी तार दिली. वेळ दहा वाजून वीस मिनिटं. खाली माझं नाव लिहा."

कारकुनाने हाबरकाम्पांकडे पाहिलं आणि लेखणी खाली ठेवली. म्हणून मी स्वतःच त्याच्या वहीत लिहिलं आणि सही केली. मेजर म्हणाला की हा उद्धटपणा आहे. मी म्हटलं, असेल.

निकाल: वाचता येतं. विजेच्या उपचारासाठी पाठवावा. दहा दिवसांत.

बुधवार, २१ फेब्रुवारी

तो जेवत नाही. मी सांगितलं, सिस्टरने सांगितलं, पाद्रीबुवांनी सांगितलं की ती जिवंत आहे. तो म्हणतो, "तुम्ही सांगता. पण कागदावर मी स्वतः वाचलं."

हे त्याने वाचावं म्हणून आम्ही सगळ्यांनी किती कष्ट घेतले.

लिसबेटला तार केली. कारखाना रजा देत नाही असं उत्तर आलं. सिस्टर आडेलहाइट टोपी घालून स्टेशनवर निघून गेली, परवानगी न मागता.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

सिस्टरने तिला आणलं. कारखान्याच्या फाटकावर नेमकं काय बोलली ते ती सांगत नाही. लिसबेट म्हणते, "डोक्यावर पांढरी टोपी घालून एवढं खोटं बोलणारी बाई मी पाहिली नाही."

ड्योंगेस डोळे मिटून भिंतीकडे तोंड करून होता. ती डाव्या बाजूने गेली, शिकलीय आता. बोलली नाही. त्याचा हात धरून आपल्या चेहऱ्यावर ठेवला. त्याने कपाळ चाचपलं, नाक, हनुवटी, आणि एक कान, ज्याची पाळी लहानपणी फाटली होती. मग हात तसाच ठेवून पुष्कळ वेळ रडला. ती म्हणाली, "मला मारून टाकलंस आणि तीन दिवस उपाशी राहिलास. लग्नात तरी एवढा भाव दिला नव्हतास."

मी दाराबाहेर होते. लिसबेट नंतर बाहेर आली आणि माझ्यापुढे उभी राहिली.

"तुम्ही तिथे होतात ना?"

"होते."

"मग?"

मी घड्याळाचं सांगितलं. सांगायला हवं होतं असं नाही, पण सांगितलं. ती वळून आत त्याच्याकडे गेली.

संध्याकाळी त्याने निरोप पाठवला. त्याला पुन्हा मंडळापुढे जायचंय.

मी नको म्हटलं. तो म्हणाला, "डॉक्टरीणबाई, त्या दिवशी तुम्ही माझ्या वतीने नाही म्हणालात. बरं केलंत. आता मी माझ्या वतीने हो म्हणतोय. त्यांनी माझे हात बांधावेत."

शुक्रवार, २ मार्च

फेरतपासणीला हाबरकाम्प आले. येतील असं वाटलं नव्हतं. कारकुनाच्या वहीतलं माझं ते वाक्य फाडता येत नाही, पानांना अनुक्रमांक आहेत, असं मेजर दारात कुजबुजताना ऐकलं.

या वेळी लिसबेट खुर्चीशेजारी बसली. मेजर म्हणाला की बायकांना परवानगी नाही. ती म्हणाली, "मी मेलेली आहे, साहेब. तुमच्याच कागदावर आहे."

ड्योंगेस फळ्याजवळ गेला. "साहेब, तुम्ही सांगा, मी लिहितो. तुम्हाला हवं ते." हाबरकाम्पांनी वर्तमानपत्रातून एक लांबलचक वाक्य सांगितलं, धान्याच्या वाटपाबद्दलचं. त्याने सुरेख, सरळ ओळीत लिहिलं. मग वळून दोन्ही हात मागे केले. सिस्टरने पट्टा बांधला. हाबरकाम्पांनी मधला एक शब्द दाखवला.

"हा कोणता?"

"ठाऊक नाही."

"तूच लिहिलास. आत्ता."

"लिहिलं ते तोंडपाठ म्हणून दाखवतो, साहेब. पण त्यातला हा कोणता, ते सांगता येत नाही."

मग हाबरकाम्पांनी कोऱ्या कागदावर काहीतरी लिहून त्याच्यासमोर धरलं. लिसबेटने वाचलं आणि तिचा चेहरा लाल झाला. ड्योंगेस बघत राहिला. "नाही. आधी हे अक्षर आहे हे कळतं. मग ती नुसती नक्षी होते." बोटं पट्ट्याच्या आत हलत होती, अडकत होती. त्याने पुन्हा पाहिलं, आणि म्हणाला, "घाई नाही, साहेब. ही शेजारी बसलीय. काहीही लिहा."

हाबरकाम्पांनी कागद घडी करून खिशात घातला. माझे तक्ते उघडले. पहिल्यांदाच. अर्धा तास वाचत होते. नजरेच्या काळ्या भागाची रेघ बोटाने मोजताना त्यांचा चेहरा मी त्यांच्या हाताखाली होते तेव्हा असायचा तसा दिसला, आणि मला क्षणभर ते आवडले. याचा मला संताप आहे.

निकाल: सैनिकी सेवेस कायमचा अपात्र.

जाताना म्हणाले, "बाई, तुम्ही बरोबर होतात. मात्र तो फ्रेंच उल्लेख आणि वहीतलं ते वाक्य, दोन्ही अनावश्यक होतं."

त्या कागदावर काय होतं ते लिसबेटने सांगितलं. 'क्षमस्व' एवढाच शब्द होता.

गुरुवार, १५ मार्च

माझा करार संपवला. कारणं दोन: शत्रुराष्ट्राच्या लेखनावर विसंबणे, आणि मंडळाच्या कामकाजात अडथळा. महिनाअखेर खोली सोडायची. नियतकालिकानेही निबंध परत पाठवलाय. पॅरिसचा उल्लेख काढला तर विचार करू म्हणतात.

काढणार नाही. तो माणूस माझ्या आधी बरोबर होता. त्याच्या देशाशी आमचं भांडण आहे, त्याच्या डोळ्यांशी नाही.

तारेचा प्रसंग मात्र मी निबंधातून गाळलाय. शास्त्रीय लेखनात त्याला जागा नाही. हाबरकाम्पांनी चूक मान्य केली आहे, उगाच चिघळवण्यात अर्थ नाही.

सिस्टर आडेलहाइट म्हणाली, "आणि ते घड्याळ?" तेही गाळलं.

गुरुवार, १२ एप्रिल

म्हातारे क्लिंगेलहोफर तीस प्रती छापून देताहेत. वर 'हस्तलिखिताऐवजी, खाजगी वाटपासाठी' असं घातलं की युद्धकाळातल्या सरकारी परवानगीची कटकट टळते म्हणे. तीस पुरेत. कुणाकुणाला पाठवायच्या ती नावं मी काढलीत. पहिली प्रत हाबरकाम्पांना.

जुळणी ड्योंगेसने केली. लिसबेट हानाऊची नोकरी सोडून आलीय. ती एकेक वाक्य मोठ्याने वाचते आणि तो ऐकून खणातले खिळे उचलतो, बघायचीही गरज नसते. वाचता न येणाऱ्या माणसावरचा निबंध तोच माणूस जुळवतोय. छापखान्यातल्या पोरी त्याला 'प्राध्यापक' म्हणतात.

आज प्रूफं आली. मी पेन्सिल घेऊन बसले. अकरा पानांत एकही चूक नाही.

दोन बदल मात्र होते. मी सगळीकडे 'रुग्ण आर. डी.' लिहिलं होतं. तिथे सगळीकडे 'खिळे जुळवणारे रुप्रेख्ट ड्योंगेस' असं आहे. आणि नवव्या पानावर, मी काहीच न लिहिलेल्या जागी, एक परिच्छेद आहे:

'वीस फेब्रुवारीला मंडळाने मला माझी बायको मेल्याची खोटी तार दिली. ती मी बोटाने वाचली. डॉक्टरीणबाई घड्याळ बघत होत्या. नंतर त्यांनी नाही म्हटलं. दोन्ही खरं आहे. हे माझी बायको मला वाचून दाखवतेय.'

मी छापखान्यात गेले. ड्योंगेस शाईच्या हातांनी उभा होता; मी त्याच्या डावीकडे उभी राहिले. लिसबेट त्याच्यामागे, हाताची घडी घालून.

"हे काढायला सांगितलं तर?" मी विचारलं.

"तर काढीन," तो म्हणाला. "पण मग सगळंच काढीन. दुसरा जुळारी बघा."

क्लिंगेलहोफर चष्म्यावरून आमच्याकडे बघत होते. यंत्र थांबलेलं होतं, माणसं खोळंबली होती. मी नववं पान पुन्हा वाचलं. 'नंतर' या शब्दापाशी थोडा वेळ थांबले. मग पेन्सिलीने समासात लिहिलं, 'घड्याळ: एकेचाळीस सेकंद', आणि ते कुठे घालायचं त्याची खूण केली.

लिसबेटने ते मोठ्याने वाचलं. ड्योंगेसने मान हलवली आणि हात खिळ्यांच्या खणात घातला.